गुढीपाडव्याच्या रात्री सिंदेवाहीत पडलेली धातूची रिंग आणि चीनच्या ‘जोडणी’च्या रॉकेट्सची गोष्ट

२ एप्रिल २०२२. शनिवार होता आणि गुढीपाडवाही. कोरोनाचे निर्बंध राज्य सरकारने नेमके त्याच दिवसापासून उठवले होते. दोन वर्षांनी लोक सणाला मोकळेपणाने घराबाहेर पडले होते. संध्याकाळचे पावणेआठ वाजत आले होते आणि नागपूरच्या आकाशात अचानक जळत्या रेघा दिसायला लागल्या.

एक नाही, बऱ्याच. एका रांगेत, एकाच दिशेने, आणि सावकाश. इतक्या सावकाश की लोकांना खिशातून मोबाईल काढून, कॅमेरा चालू करून, व्हिडिओ घेता आला. दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपचे ग्रुप भरून गेले. कुणी उल्कापात म्हणालं, कुणाला विमान पेटल्यासारखं वाटलं, कुणी थेट मिसाईलपर्यंत पोचलं. नागपूर, चंद्रपूर, तिकडे मध्य प्रदेशातलं झाबुआ आणि बडवानी, सगळीकडून सारखेच व्हिडिओ येत होते.

आकाशातला तमाशा मिनिटभरात संपला. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तो जमिनीवर उतरला होता. लाडबोरी गावात मोकळ्या जागेत एक धातूची रिंग येऊन पडली होती. व्यास सुमारे १० फूट. पवनपारच्या बाजूला धातूचा एक गोळा सापडला. मग आसपासच्या रानातून आणखी गोळे सापडल्याच्या बातम्या येत राहिल्या. रिंग सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली गेली आणि ती बघायला गर्दी झाली. पुढच्या आठवड्यात इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी तिथे येऊन गेले.

सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. पण १० फुटांची रिंग मोकळ्या जागेऐवजी एखाद्या घरावर पडली असती तर, हा विचार त्या रात्री लाडबोरीत अनेकांच्या मनात येऊन गेला असणार.

ही रिंग आली कुठून, याचं उत्तर शोधायला गेलं की आपण पोचतो चीनच्या सिचुआन प्रांतात. आणि तिथून एका भन्नाट इंजिनीअरिंग कल्पनेपाशी, जिच्या जोरावर चीनने चंद्रापासून स्वतःच्या अंतराळ स्थानकापर्यंत मजल मारली.

उल्का नव्हती, हे कसं कळलं?

पहिला पुरावा व्हिडिओतच होता. उल्का पृथ्वीच्या वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, आणि बहुतेक वेळा त्याहून कितीतरी जास्त. बघताबघता डोळ्यांसमोरून जाते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग असतो सेकंदाला साधारण ७ ते ८ किलोमीटर, आणि ती जवळजवळ आडवी येते. म्हणून ती मिनिटभर दिसू शकते, आणि तुटत तुटत जाते म्हणून एकाच्या मागे एक रेघा दिसतात.

सुरुवातीला काही अभ्यासकांचा संशय न्यूझीलंडवर गेला. त्याच संध्याकाळी तिथून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचं रॉकेट उडालं होतं, त्यामुळे अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पण अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेगळंच नाव सांगितलं. जगात कुठलं रॉकेट कधी उडालं आणि त्याचे तुकडे कुठे फिरतायत, याची नोंद ठेवणारा हा माणूस. त्यांच्या मते हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता, रॉकेटचा क्रमांक वाय७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१. हा टप्पा त्याच सुमारास खाली येणार हे अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही जुळत होता.

म्हणजे सिंदेवाहीत जे पडलं ते आदल्या दिवशीचं नव्हतं. ४ फेब्रुवारी २०२१ ला शीचांगच्या तळावरून हे रॉकेट एक उपग्रह घेऊन गेलं. काम संपल्यावर त्याचा रिकामा टप्पा १४ महिने पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याच्या रात्री विदर्भावर कोसळला.

एक गंमत बघा. लाँग मार्च ३बीच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास आहे ३ मीटर. लाडबोरीच्या रिंगचा व्यास १० फूट, म्हणजे तीन मीटरच.

वाय७७? इतकी रॉकेट्स?

हो. आणि इथेच ती ‘जोडणी’ची कल्पना येते.

कसारा घाटातून रेल्वेने गेलेल्यांना हे समजायला सोपं आहे. गाडी तीच, डबे तेच. पण कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढ लागतो, तेव्हा गाडीला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. चढ संपला की बँकर सुटतात आणि गाडी आपली पुढे निघते. घाटासाठी म्हणून कुणी वेगळी गाडी बांधत नाही.

रॉकेटचंही तसंच. उपग्रह हलका असेल तर मधलं मुख्य रॉकेट पुरतं. जड असेल तर त्याच रॉकेटच्या बाजूला दोन बूस्टर लावायचे. आणखी जड असेल तर चार. सुरुवातीचा चढ पार झाला की बूस्टर सुटून खाली पडतात. यालाच मॉड्युलर रॉकेट म्हणतात. मॉड्युलर किचनसारखंच, खण ठरलेले, आपल्या गरजेप्रमाणे मांडणी करायची.

चीनचं ‘लाँग मार्च ३ए’ हे कुटुंब याचं चांगलं उदाहरण. थोरला भाऊ ३ए, याला बूस्टरच नाहीत. पहिलं उड्डाण १९९४ ला. उपग्रहाला दूरच्या लंबुळक्या कक्षेत सोडायचं तर तो साधारण २,६०० किलो वजन नेतो. मग आला ३बी. तेच मुख्य रॉकेट, बाजूला चार बूस्टर, आणि क्षमता थेट ५,१०० किलो. पुढे तो थोडा लांब केला आणि आकडा ५,५०० वर गेला. या दोघांच्या मधल्या वजनासाठी २००८ मध्ये ३सी आला. दोन बूस्टर, ३,८०० किलो.

चीनच्या चांद्रमोहिमांची यादी काढली तर हे तिन्ही भाऊ ओळीने भेटतात. २००७ मध्ये चांग-ए १ गेलं ३ए वर. २०१० मध्ये चांग-ए २ गेलं ३सी वर. २०१३ मध्ये चांग-ए ३ ला चंद्रावर उतरायचं होतं, म्हणजे लँडर आणि रोव्हर दोन्हींचं वजन, म्हणून ते गेलं ३बी वर. मोहीम बदलली, वजन वाढलं, पण नवीन रॉकेट बांधावं लागलं नाही.

यात पैसा वाचतो हे उघड आहे. पण खरा फायदा सवयीचा आहे. तेच इंजिन शंभर वेळा बनवलं की कारागिराचा हात बसतो, चुका कळतात, कारखाना रिकामा बसत नाही. २० एप्रिल २०१९ ला या कुटुंबाने मिळून शंभरावं उड्डाण केलं. चीनची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा आहे, बेइदोऊ. तिचे बहुतेक सगळे उपग्रह याच भावंडांनी वर नेले.

पहिल्याच उड्डाणाला गावावर कोसळलेलं रॉकेट

ही कहाणी इतकी सरळ मात्र नव्हती. १५ फेब्रुवारी १९९६ च्या पहाटे ३बीचं पहिलंवहिलं उड्डाण होतं. वर होता इंटेलसॅट ७०८ हा परदेशी उपग्रह. उडाल्या उडाल्या रॉकेट एका बाजूला कललं आणि सुमारे २२ सेकंदांत जवळच्या डोंगराळ भागात, वस्तीपाशी जाऊन आदळलं. चीनने अधिकृत आकडा दिला तो ६ मृत आणि ५७ जखमी. त्या वेळी तिथे हजर असलेल्या परदेशी लोकांनी उद्ध्वस्त घरं पाहिली आणि तेव्हापासून या आकड्यावर शंका घेतली जाते.

शीचांगची अडचण ही की तो तळ समुद्रापासून खूप आत आहे. शीतयुद्धाच्या काळात शत्रूपासून सुरक्षित म्हणून अशी आतली जागा निवडली गेली. पण रॉकेटचे बूस्टर आणि खालचे टप्पे पडायचे ते मग जमिनीवरच पडणार. त्या पट्ट्यातल्या गावकऱ्यांना आधी सूचना देऊन घराबाहेर काढलं जातं आणि उड्डाण झालं की शेतात, डोंगरात तुकडे शोधले जातात. बूस्टरमधलं जुन्या पद्धतीचं इंधन विषारी आहे, हायड्रेझिनच्या जातीचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये बेइदोऊच्या एका उड्डाणानंतर बूस्टर पडून मोडलेल्या घराचे फोटो चीनच्याच सोशल मीडियावर फिरत होते.

थोडक्यात, लाडबोरीने जे एकदा पाहिलं ते चीनमधली काही गावं वर्षातून अनेकदा पाहतात.

बोगद्याने ठरवलेली रॉकेटची जाडी

चीनच्या जुन्या रॉकेट्सचा व्यास बघितला तर एक आकडा सारखा दिसतो. ३.३५ मीटर. हा आकडा कुठल्या शास्त्रीय सूत्रातून आलेला नाही, तो आलाय रेल्वेतून. रॉकेटचे भाग कारखान्यातून आतल्या भागातल्या तळांवर जायचे ते रेल्वेने, आणि वाटेतल्या बोगद्यांतून याहून जाड वस्तू जाऊ शकत नव्हती. म्हणजे अंतराळात किती वजन न्यायचं, हे काही प्रमाणात डोंगरातले बोगदे ठरवत होते.

अंतराळ स्थानकाचा २० टनांहून जड भाग वर न्यायचा तर ही चौकट मोडणं भाग होतं. विषारी इंधनापासूनही सुटका हवी होती. त्यातून नव्या शतकाच्या सुरुवातीला चीनने नवं कुटुंब आखलं. त्याचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: एक कुटुंब, दोन इंजिनं, तीन मापं.

दोन इंजिनांपैकी पहिलं वायएफ-१००. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं, १२० टनांचा जोर देणारं. दुसरं वायएफ-७७, द्रवरूप हायड्रोजनवर चालणारं. तीन मापं म्हणजे ५ मीटर, ३.३५ मीटर आणि २.२५ मीटर व्यासाच्या नळ्या. आता यांची मांडणी करायची.

सगळ्यात जाड नळी मध्ये घेतली, बाजूला ३.३५ मीटरचे चार बूस्टर लावले, झालं लाँग मार्च ५. मध्ये ३.३५ मीटरची नळी आणि बाजूला २.२५ मीटरचे चार बूस्टर, झालं लाँग मार्च ७. एकटी ३.३५ मीटरची नळी आणि खाली एकच वायएफ-१००, झालं धाकटं लाँग मार्च ६. ज्या मापाची नळी एका रॉकेटचा बूस्टर आहे तेच माप दुसऱ्याचा मुख्य कणा आहे.

पाच मीटरची नळी बोगद्यातून जाणार नव्हतीच. मग तिचा कारखाना त्यानजिन या बंदराच्या शहरात उभा केला आणि उड्डाणाचा नवा तळ हैनान बेटावर, वेनचांगला. रॉकेट कारखान्यातून निघतं ते जहाजाने. आणि बूस्टर पडतात समुद्रात.

लाँग मार्च ६ सप्टेंबर २०१५ मध्ये उडालं, ७ जून २०१६ मध्ये आणि ५ नोव्हेंबर २०१६ मध्ये. आधी धाकटं, मग मधलं, मग थोरलं. इंजिन लहान रॉकेटवर पारखून घ्यायचं आणि मग मोठ्यावर जबाबदारी टाकायची, हा जोडणीचा आणखी एक फायदा.

पण सगळंच पारखून घेता येत नाही. वायएफ-७७ हे हायड्रोजनचं इंजिन फक्त लाँग मार्च ५ वर होतं. २ जुलै २०१७ ला, दुसऱ्याच उड्डाणात, त्याच्या टर्बोपंपाने दगा दिला आणि रॉकेट समुद्रात गेलं. दुरुस्ती, चाचण्या, पुन्हा बिघाड, पुन्हा दुरुस्ती, यात ९०८ दिवस गेले. तिसरं उड्डाण झालं ते २७ डिसेंबर २०१९ ला. चंद्रावरून माती आणणारी चांग-ए ५ मोहीम २०१७ ची होती, ती २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेली. या काळात वायएफ-१०० वर चालणारं लाँग मार्च ६ मात्र उडालं, कारण त्याचं इंजिन वेगळं होतं. उलट झालं असतं, म्हणजे सगळ्यांत लागणाऱ्या वायएफ-१०० मध्येच दोष निघाला असता, तर अख्खं कुटुंब घरी बसलं असतं. एकत्र कुटुंबाचे जे फायदे तेच तोटे.

सिंदेवाहीचा पाहुणा पुन्हा पुन्हा का भेटतो

सिंदेवाहीवर जो पडला तो लाँग मार्च ३बीचा तिसरा टप्पा. हायड्रोजनवर चालणारा, ३ मीटर जाड. हा टप्पा चीनच्या इंजिनीअरांना इतका भरवशाचा वाटतो की त्यांनी तो नव्या घरातही नेला.

लाँग मार्च ७ च्या डोक्यावर हाच टप्पा बसवला आणि लाँग मार्च ७ए तयार झालं. मार्च २०२० मध्ये पहिलं उड्डाण फसलं, मार्च २०२१ मध्ये दुसरं जमलं. लाँग मार्च ७ च्या मुख्य भागाला दोन बूस्टर लावून वर पुन्हा याच जुन्या टप्प्यापासून बनवलेला दुसरा टप्पा ठेवला, तर ते लाँग मार्च ८, डिसेंबर २०२० मध्ये उडालेलं. १९९४ सालच्या रॉकेटचा वरचा भाग तीस वर्षांनीही वेगवेगळ्या खांद्यांवर बसून जातोय.

मग तो खाली का पडतो?

टीव्हीचे, दळणवळणाचे उपग्रह असतात ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. रॉकेट त्यांना थेट तिथे सोडत नाही. ते सोडतं एका लंबुळक्या कक्षेत, जिचं एक टोक पृथ्वीपासून जेमतेम २०० किलोमीटरवर आणि दुसरं ३६ हजारांच्या आसपास. पुढचा प्रवास उपग्रह स्वतःच्या इंजिनाने करतो. रिकामा टप्पा मात्र त्याच लंबुळक्या वाटेवर राहतो.

२०० किलोमीटरवरही थोडी हवा असते. टप्पा प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला आला की ती हवा त्याचा थोडा वेग खाते. ढकलणारं कुणी नसलं की झोका हळूहळू खाली येतो, तसं वरचं टोक खाली खाली येत जातं. यात चंद्र-सूर्याच्या ओढीने आणखी फरक पडतो, त्यामुळे काही टप्पे महिन्यांत पडतात, काहींना वर्षं लागतात. वाय७७ ला १४ महिने लागले.

शेवटच्या दिवसापर्यंत तो कुठे पडेल हे नक्की सांगता येत नाही. वरची हवा सूर्याच्या मूडप्रमाणे फुगते, आकसते. आणि वेग इतका की अंदाज एका तासाने चुकला तर जागा २८ हजार किलोमीटरने चुकते.

पण एक गोष्ट आधीच ठरलेली असते. शीचांग आहे विषुववृत्ताच्या उत्तरेला २८ अंशांवर. तिथून सोडलेल्या या टप्प्यांची वाट पृथ्वीवर साधारण २८ अंश उत्तर ते २८ अंश दक्षिण या पट्ट्यातूनच जाते. त्याच्या वर ते जात नाहीत. बीजिंग ४० अंशांवर आहे, न्यूयॉर्कही तसंच. या पट्ट्यात बसतात ते नागपूर, मुंबई, ढाका, लागोस, जकार्ता. सिंदेवाही २० अंशांवर आहे, अगदी वाटेवर.

जुलै २०२२ मध्ये ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी हाच हिशोब मांडला. अनियंत्रितपणे पडणाऱ्या रॉकेटच्या भागांमुळे पुढच्या दहा वर्षांत जगात कुणीतरी दगावण्याची किंवा जखमी होण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे, आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर हा धोका न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या किमान तिप्पट आहे. एखाद्या माणसाला वैयक्तिक धोका नगण्यच. पण रॉकेट उडवणारे एकीकडे आणि ते झेलणारे दुसरीकडे, ही वाटणी काही न्यायाची म्हणता येणार नाही.

गोळेच का सापडतात?

वातावरणात शिरताना टप्प्याचा बराच भाग जळतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याचं फारसं काही उरत नाही. पण इंधनाच्या टाक्यांना दाब देण्यासाठी हेलियमसारखा वायू भरून ठेवावा लागतो, त्याच्या टाक्या गोल आणि मजबूत असतात. त्या टायटॅनियमच्या असतात किंवा त्यावर कार्बन फायबरची वेटोळी असतात. टायटॅनियम वितळायला १,६६० अंशांच्या वर तापमान लागतं. शिवाय आकाराच्या मानाने हलक्या असल्याने त्या हवेत लवकर मंदावतात. म्हणून जगात कुठेही रॉकेटचा भाग पडला की शेतात गोळे सापडतात.

असा गोळा किंवा पत्रा दिसला तर हात लावायचा नाही, घासून बघायचा नाही, भंगारात द्यायचा तर अजिबात नाही. काही टाक्यांमध्ये हायड्रेझिनचा अंश राहू शकतो आणि तो त्वचेला, फुप्फुसांना घातक असतो. लांब थांबून पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवायचं.

आणि ते २० टनांचं प्रकरण

वाय७७ चा रिकामा टप्पा तीन टनांच्याही आतला. नव्या कुटुंबातल्या एका भावाने याच्या कितीतरी पट मोठा प्रश्न उभा केला.

लाँग मार्च ५बी. अंतराळ स्थानकाचे जड भाग नेण्यासाठी लाँग मार्च ५ चा दुसरा टप्पाच काढून टाकला. मधली ५ मीटर जाड नळी स्वतःच कक्षेपर्यंत जाते. भाग कमी, बिघाड कमी. जोडणीचाच विचार, फक्त इथे वजाबाकी. पण मग २० टनांहून जड रिकामी नळी कक्षेत राहते आणि आठवडाभरात स्वतःहून खाली येते, वाटेल तिथे.

मे २०२० मध्ये पहिल्या उड्डाणानंतर आयव्हरी कोस्टमधल्या गावांत धातूचे लांब तुकडे सापडले. ९ मे २०२१ ला दुसरी नळी मालदीवजवळ समुद्रात पडली, तेव्हा आपल्याकडच्या चॅनेल्सनी दोन दिवस काउंटडाऊन लावला होता. २०२२ मध्ये आणखी दोन पडल्या. त्यातल्या नोव्हेंबरच्या वेळी स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवला. दरवेळी चीनचं म्हणणं असायचं की नुकसानीची शक्यता अत्यंत कमी आहे. आकड्यांत ते खरंही आहे. पण इतर देश इतक्या मोठ्या भागांना इंजिन पुन्हा पेटवून ठरलेल्या समुद्रात उतरवायचा प्रयत्न करतात. ही सोय या नळीत ठेवलेलीच नव्हती.

नुकसान झालंच तर भरपाई कोण देणार?

यासाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश पूर्ण जबाबदार. चूक होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. मात्र दावा गावकऱ्याने करायचा नसतो, त्याच्या देशाच्या सरकारने करायचा असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तोडगा निघाला. सिंदेवाहीत नुकसानच नव्हतं, त्यामुळे दाव्याचा प्रश्न आला नाही.

आपण काय वेगळं करतो?

जोडणीची युक्ती इस्रोही वापरतं. पीएसएलव्हीला बाजूचे बूस्टर न लावताही उडवतात, दोन लावून, चार लावून आणि सहा लावूनही. विकास हे एकच इंजिन पीएसएलव्हीत आहे, जीएसएलव्हीत आहे आणि चांद्रयान ३ नेणाऱ्या एलव्हीएम३ मध्येही आहे. ही इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. नागपूरचाही यात वाटा आहे. पीएसएलव्हीच्या बाजूला लागणारा मोठा बूस्टर पहिल्यांदाच खासगी उद्योगाने बनवला तो नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेडने, आणि इस्रोने त्याची चाचणी घेतली मे २०२२ मध्ये. सिंदेवाहीची रिंग पडून दोन महिनेही झाले नव्हते.

आपलं कुठे काही पडत नाही, असं मात्र नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एका किनाऱ्यावर माणसाच्या उंचीहून मोठा, शंख-शिंपल्यांनी माखलेला धातूचा डबा लाटांबरोबर येऊन लागला. जगभर त्याचे फोटो फिरले. तो निघाला पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा, समुद्रात पडून वाहत आलेला. याच पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब पडलं होतं, ज्याच्या धास्तीने आपल्याकडच्या गावागावांत लोक आकाशाकडे बघत होते. तिथल्या एका पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला होता.

२०३० पर्यंत भारताच्या सगळ्या अंतराळ मोहिमा, सरकारी आणि खासगी, कचरा मागे न ठेवणाऱ्या असतील, असं उद्दिष्ट एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालंय. चीन चंद्रावर माणूस उतरवण्यासाठी लाँग मार्च १० बांधतोय, तेही पाच मीटरच्या नळ्या शेजारी शेजारी बांधूनच. आणि ३बी अजून उडतंच आहे.

पाडव्यानंतर बरोबर ४० दिवसांनी, १२ मे २०२२ ला, गुजरातमधल्या आणंद जिल्ह्यातल्या गावांत आकाशातून धातूचे गोळे पडले. पुन्हा पोलीस, पुन्हा गर्दी, पुन्हा व्हिडिओ. मॅकडॉवेल यांनी अंदाज वर्तवला: लाँग मार्च ३बी, तिसरा टप्पा. या वेळी क्रमांक होता वाय८६.